जुना गिब्सन बँजो: अस्सल किती, किंमत किती?

रॅलीकर

नमस्कार मंडळी,

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. ओळखीच्या एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यातून मी पाच तारांचा एक बँजो घेतला. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावर, शिंपल्यात 'गिब्सन' कोरलंय, फिंगरबोर्डच्या शेवटी आडव्या पट्टीत 'मास्टरटोन' (गिब्सनची वरची श्रेणी). मागे लालसर लाकडाचा रेझोनेटर, म्हणजे आवाज पुढे फेकणारी पाठ, आहे. घरच्यांचं म्हणणं, १९३० च्या सुमाराचा आहे आणि आजोबांनी तो आयुष्यभर वाजवला. आजोबा आता नाहीत.

मी अलीकडेच शिकायला लागले आहे. विकायचा विचार नाही, पण विमा उतरवायचा आहे आणि मुख्य म्हणजे हातात नेमकं काय आलंय ते समजून घ्यायचंय. इंटरनेटवर पाहिलं तर 'युद्धपूर्व मास्टरटोन' (दुसऱ्या महायुद्धाआधीचा) म्हणून दोन हजार डॉलरपासून लाखाच्या वरपर्यंत आकडे दिसतात. इतका फरक कसा काय? आणि माझा यात कुठे बसतो? फोटो जोडलेत. इथे कुणी जाणकार आहे का?

तारसप्तक

अभिनंदन! फोटो छान आलेत, पण बँजोची किंमत समोरच्या फोटोत दिसत नाही, ती आत असते. त्याकडे येतोच. त्याआधी कळकळीची विनंती: त्याला पॉलिश, ब्रासो, तेल, लिंबू, काहीही लावू नका. काळवंडलेला निकेल हा पुरावा आहे. घासून चकचकीत केलेला मुलामा परत येत नाही.

आता इतका फरक का, ते. १९२० च्या दशकात अमेरिकेत नाचाच्या बँडमध्ये चार तारांचा टेनर बँजो जोरात होता. गिब्सन, वेगा, पॅरामाउंट, बेकन अँड डे, सगळ्यांनी टेनर भरभरून बनवले. पाच तारांच्या बँजोला त्या काळात गिऱ्हाईक कमी, म्हणून ते मोजकेच निघाले. मग १९२९ ची मंदी आली, बँडमध्ये गिटार आली आणि टेनरची मागणी बसली. डिसेंबर १९४५ मध्ये बँजोवादक अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि तीन बोटांच्या त्याच्या वादनामुळे सगळ्यांना एकदम पाच तारांचा गिब्सन हवासा झाला. म्हणजे ज्याची मागणी, नेमका तोच कारखान्याने कमी बनवलेला.

त्यातही टोन रिंग म्हणून धातूचं जड कडं असतं, ते 'फ्लॅटहेड' प्रकारचं असेल तर आणखी दुर्मीळ. कारखान्यातूनच पाच तारांचा आणि फ्लॅटहेड म्हणून निघालेला युद्धपूर्व मास्टरटोन एक लाख डॉलरच्या वर गेलेला आहे. लोकांनी काय केलं? टेनर घेतले, त्यांची नेक (तारा दाबायची लांब दांडी) काढली आणि पाच तारांची नवी नेक बसवली. त्याला इकडे 'कन्व्हर्जन' म्हणतात. यात फसवणूक नाही, उघडपणे चालत आलेली पद्धत आहे. मात्र कन्व्हर्जनला कारखान्याचा पाच तारी म्हणून विकणं ही फसवणूक.

तेव्हा तुमच्या बँजोला तीन वेगवेगळे प्रश्न विचारायचे: पॉट (कातडं ताणलेलं गोल अंग) कधीचा, टोन रिंग कोणती आणि नेक त्याच पॉटची आहे का. तिन्हींची उत्तरं स्वतंत्र असू शकतात.

मागचा रेझोनेटर स्क्रू फिरवून सोडवा, तो सहज निघतो. तारा काढू नका. आत पाहून हे कळवा: लाकडी रिमच्या (पॉटच्या गोल कड्याच्या) आतल्या बाजूला ठशाने किंवा खडूने लिहिलेला नंबर आहे का? त्यात मध्ये आडवी रेघ आहे का? तोच नंबर रेझोनेटरच्या आत आहे का? 'मास्टरटोन'चा स्टिकर उरलाय का? मग टोन रिंगच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवा, भोकं लागतात का, किती? शेवटी पॉटच्या बाहेरून फिरणारी फ्लँज, कातडं ताणणारे हुक जिला अडकतात ती, एकसंध ओतीव आहे की गोल नळी आणि तिच्याखाली वेगळी पट्टी अशी दोन भागांत?

मुलुंडवासी

इथेच विचारतो, चालेल ना? माझ्या काकांकडे बेंजो आहे, गणपतीत वाजवायचे. टाइपरायटरसारखी बटणं असलेला. त्याला काही किंमत येईल का?

तारसप्तक

मुलुंडवासी, तो बुलबुल तरंग. जपानच्या नागोया शहरात १९१२ मध्ये गोरो मोरिता यांनी तायशोगोतो बनवलं, त्याचा हा आपल्याकडचा अवतार. या धाग्यातल्या वाद्याशी रचनेत काही नातं नाही. बाजारात त्याची किंमत फार येत नाही, पण काकांच्या हातचं वाद्य आहे, बटणांच्या स्प्रिंगा बदलून वाजतं ठेवा. बेंजो पार्टीच्या वाद्यांवर कुणीतरी वेगळा धागा काढायलाच हवा, मी आवर्जून वाचेन.

रॅलीकर

रेझोनेटर काढला. रिमच्या आत ठसा आहे: चार आकडे, आडवी रेघ, पुढे दोन आकडे. रेझोनेटरच्या आत खडूने तेच आकडे, पुसट पण वाचता येतात. स्टिकर अर्धा उडालाय, 'मास्टर' एवढं वाचता येतं. फ्लँज एकसंध आहे आणि दोन ठिकाणी वर उचललेली वाटते. टोन रिंगला आतून सगळीकडे भोकं आहेत, जवळजवळ. आरशात बघून मोजली, चाळीस भरतात. हे चांगलं की वाईट?

तारसप्तक

चांगलं! रेझोनेटर आणि रिमचा नंबर जुळला, म्हणजे दोन्ही गिब्सनच्या कॅलमझूच्या कारखान्यातून एकत्र बाहेर पडले. इतक्या वर्षांत जोडी फुटलेली नाही ही मोठी गोष्ट. आडव्या रेघेच्या आधीचा आकडा तुकडीचा, नंतरचा त्या तुकडीतल्या नगाचा. स्क्रग्जचा प्रसिद्ध ग्रॅनाडा (गिब्सनचंच एक मॉडेल) ९५८४-३ आहे, म्हणजे त्या तुकडीतला तिसरा.

एकसंध फ्लँज साधारण १९२९-३० पासून दिसते. ती जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असते. हुकांचा ताण वर्षानुवर्षं सोसून ती वर उचलली जाते, कधी तडकते. तुमची उचललेली आहे हे तिच्या वयाला शोभतं. हुक आता आणखी आवळू नका. आधीच्या दोन भागांच्या फ्लँजला हा त्रास नाही.

चाळीस भोकं म्हणजे 'आर्चटॉप' रिंग. फ्लॅटहेडला सहसा वीस असतात. ताडून पाहायचं असेल तर डोळा कातड्याच्या पातळीत आणून बाजूने बघा. आर्चटॉपमध्ये कातडं कडेपासून थोडं आत उंच उचललेलं आणि मग सपाट दिसतं. फ्लॅटहेडमध्ये ते अकरा इंचांच्या कडेपर्यंत सपाट असतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत ती पायरी मला स्पष्ट दिसतेय.

थोडक्यात, पॉट आणि रेझोनेटर १९३० च्या आसपासचे, अस्सल, आर्चटॉप. लाकूड महोगनी आणि मुलामा निकेलचा, त्यावरून मॉडेल स्टाइल ३ असावं. राहिली नेक. हेडस्टॉकचे मागून-पुढून फोटो, पाचव्या खुंटीचा फोटो आणि नटपासून (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंतचं अंतर द्या.

खुंटीपिळ्या

जाणकारांचं वाचतोय, मजा येतेय. माझं मत वेगळं आहे, ते मांडतो. मी ब्लूग्रास, म्हणजे मन्रो-स्क्रग्जच्या धर्तीचं संगीत, वाजवतो. आर्चटॉपचा आवाज टोकदार, पातळ लागतो. एखाद्या चांगल्या कारागिराकडून रिम थोडी तासून घ्या आणि आजची उत्तम फ्लॅटहेड रिंग बसवा. जुन्या मेपलची रिम आणि नवी रिंग, आवाज खणखणीत होईल. नंबर, स्टिकर, जोड्या हे सगळं संग्राहकांसाठी. वाद्य वाजवायला असतं.

तारसप्तक

खुंटीपिळ्या, वाद्य वाजवायला असतं यावर आपलं एकमत आहे. पण रिम तासण्याला माझा ठाम विरोध आहे.

आर्चटॉपची रिम आणि फ्लॅटहेडची रिम वरून वेगळ्या घडवलेल्या असतात. फ्लॅटहेड बसवायला लेथवर रिमचं लाकूड उतरवावं लागतं. ते परत भरता येत नाही. नेक बदलली तर जुनी नेक पेटीत ठेवता येते, टेलपीस (तारांची मागची टोकं अडकतात तो) बदलला तर खणात ठेवता येतो. तासलेलं लाकूड भुसा होऊन जातं. शेकडो टेनर मास्टरटोनचं हे झालेलं आहे आणि त्यातले कित्येक आज धड आर्चटॉप नाहीत, धड अस्सल फ्लॅटहेडही नाहीत. फ्लॅटहेडचा आवाज हवा असेल तर आजचे कारागीर उत्तम फ्लॅटहेड बँजो बनवतात, तो घ्यावा. जे वाद्य न तासता टिकलंय त्याला तसंच राहू द्यावं.

आवाज पातळ म्हणता, तर बँजोवादक राल्फ स्टॅन्ली ऐका. आयुष्यभर त्यांचा आवाज आर्चटॉपचा होता. डोंगरातला तो धारदार स्वर फ्लॅटहेडमधून येणार नाही. पसंती तुमची वेगळी असू शकते, पण आर्चटॉप म्हणजे कमअस्सल हा समज बाजाराने पसरवलाय.

खुंटीपिळ्या

स्टॅन्लींचं मान्य. आणि भुशाचा मुद्दाही पटला. माझी सूचना मागे घेतो. पण मग बाजारात तासलेली रिम ओळखायची कशी? मला एक दाखवलाय, 'अस्सल फ्लॅटहेड, १९३४' म्हणून.

तारसप्तक

कातडं आणि रिंग उतरवल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. विकणारा उतरवू देत नसेल तर तेच उत्तर समजा. रिंगखालचं लाकूड बघा. नव्वद वर्षांचं मेपल मधाच्या रंगाचं झालेलं असतं, रिंगची धूळ आणि धातूचा काळपटपणा त्यात मुरलेला असतो. नंतर तासलेली जागा फिकट असते, लेथच्या बारीक रेघा ताज्या दिसतात. कुणी ती जागा रंगवून जुनी करतं, मग अतिनील दिवा वापरा. जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर त्या प्रकाशात हिरवट-पिवळा उजळतो, नंतरचे डाग आणि पुन्हा रंगवलेले भाग वेगळे उठून दिसतात. दिवा स्वस्त मिळतो.

स्क्रूही बघा. फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर बाजारात आले. १९२७ च्या म्हणवल्या जाणाऱ्या बँजोच्या टेलपीसला फुलीचा स्क्रू असेल तर तो स्क्रू तरी नंतरचा. एका स्क्रूवरून बँजो खोटा ठरत नाही, पण कोण कुठे हात घालून गेलंय ते कळतं.

नंबराचं म्हणाल तर ठसा मारणं अवघड नाही. म्हणून नंबर, फ्लँज, रिंग, लाकूड, शिंपल्याची नक्षी हे सगळं एकाच सालाकडे बोट दाखवतंय का ते बघायचं. चार गोष्टी जुळल्या आणि पाचवी फटकून असेल तर त्या पाचवीचं स्पष्टीकरण हवं.

सुपारीचं_खांड

फार सुंदर चर्चा. एक विचारू? गिब्सनच का सगळीकडे? माझ्याकडे बोस्टनचा वेगा आहे, ट्यूबाफोन मॉडेलचा. पाच तारांचा, मागे रेझोनेटर नाही. त्याच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

तारसप्तक

मी बोलतो, आनंदाने! ब्लूग्रासमुळे गिब्सनचा गाजावाजा झाला, पण नखांनी छेडण्याच्या 'क्लॉहॅमर' पद्धतीत आणि जुन्या डोंगरी संगीतात फेअरबँक्स-वेगा घराण्याचा मान फार मोठा. फेअरबँक्सचं 'व्हाइट लेडी' हे बँजोचं मॉडेल १९०१ चं, डेव्हिड डे यांनी घडवलेलं. १९०४ मध्ये आगीनंतर फेअरबँक्स कंपनी वेगाकडे गेली. ट्यूबाफोन १९०९ मध्ये आला. डे पुढे १९२२ मध्ये फ्रेड बेकनकडे गेले आणि कनेटिकटातल्या ग्रोटनमध्ये 'बेकन अँड डे' उभी राहिली, 'सिल्व्हर बेल' बँजोवाली. एका माणसाच्या हाताखालून किती चांगली वाद्यं गेली बघा.

वेगाची अस्सलता तपासणं गिब्सनपेक्षा सोपं आहे. नेकपासून पॉटच्या पोटातून आरपार जाणारी लाकडी दांडी असते, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो, आणि रिमच्या आतही. दोन्ही जुळले की नेक मूळची. इथेही टेनर खूप आणि पाच तारी कमी, म्हणून जुळणाऱ्या नंबरांचा पाच तारी ट्यूबाफोन हाती असेल तर सांभाळा. काही हजार डॉलरची वस्तू आहे. दांडीला भेग असेल तर तेवढी चांगल्या माणसाला दाखवा.

सुपारीचं_खांड

दोन्ही नंबर जुळले! खूप खूप आभार.

रॅलीकर

सुपारीचं_खांड, वा!

फोटो जोडलेत. माझी मापं: नट ते घोडी साधारण सव्वीस इंच. फिंगरबोर्डच्या कडेची पांढरी पट्टी एकदम पांढरी आहे, रेझोनेटरच्या कडेची मात्र चहाच्या रंगाची. पाचवी खुंटी गिअरची आहे. हेडस्टॉकवरची नक्षी अगदी काटेकोर कापलेली. नेकचा लालसरपणा रेझोनेटरपेक्षा जरा उजळ. मला वाटायला लागलंय की उत्तर मला माहीत आहे.

तारसप्तक

हो, नेक नंतरची आहे. टेनरची लांबी तेवीस इंचांच्या आसपास असते, म्हणजे कुणीतरी टेनरची नेक काढून ही बसवली. पांढरी पट्टी सगळ्यात बोलकी. या पट्ट्यांचं सेल्युलॉइड (जुनं प्लास्टिक) एकाच घरात, एकाच पेटीत राहिलं तर एकाच वेगाने पिवळं पडतं. नक्षीचं कापणं यंत्रावरचं वाटतं. पण काम सुरेख आहे, टाचेचा पॉटशी सांधा केसभरही उघडा नाही. आजोबांनी चांगल्या कारागिराकडून करून घेतलंय. त्यांना पाच तारी वाजवायचा होता, त्यांनी तसा करून घेतला आणि रिमला हात लावू दिला नाही. त्या माणसाला वाद्याची कदर होती.

विम्यासाठी: स्टाइल ३, टेनर, सुमारे १९३०, मूळ चाळीस भोकांची आर्चटॉप रिंग, न तासलेली रिम, नंबर जुळणारा रेझोनेटर, नंतरची पाच तारी नेक. असंच शब्दशः लिहा. किंमत काही हजार डॉलर. नेमका आकडा मात्र माझ्याकडून घेऊ नका. जुन्या वाद्यांचं मोठं दुकान लेखी मूल्यांकन करून देतं, विमा कंपनीला तेच चालतं. नॅशव्हिलचं ग्रून किंवा मिशिगनमधलं एल्डर्ली, दोघांकडे अशा वाद्यांचा दांडगा अनुभव आहे. विक्रीच्या जाहिरातीतला मागितलेला भाव आणि प्रत्यक्ष झालेला सौदा यांत खूप अंतर असतं, म्हणून इंटरनेटवरच्या आकड्यांवर विसंबू नका.

आणि एक काम आजच करा. त्या घरच्यांना विचारा, मूळ टेनर नेक कुठे आहे? माळ्यावर, गॅरेजमध्ये, जुन्या पेटीत. चार खुंट्यांची, आखूड, शिंपल्याची नक्षी असलेली लाकडी दांडी. अशा नेका लोक वर्षानुवर्षं जपतात, कारण फेकवत नाहीत. आणि वारसांना ती कशाची हे माहीत नसतं, म्हणून घर रिकामं होताना कचऱ्यात जाते. मिळाली तर बँजोचं मूल्य बरंच वाढेल, आणि ती परत त्याच्या जवळ येईल याचं मला त्याहून जास्त वाटतं.

रॅलीकर

लगेच फोन केला. त्यांच्या मुलीने सांगितलं की गॅरेजचा अर्धा भाग अजून उपसायचा आहे आणि तसं काही दिसलं तर बाजूला ठेवेल. फोटो पाठवून ठेवलाय, म्हणजे तिला ओळखता येईल. तारसप्तक, मनापासून आभार. लाखाचा नाही याचं जराही वाईट वाटत नाही. उलट आता रोज वाजवायला भीती वाटणार नाही.

डिसेंबरात पुण्याला येताना बरोबर आणावा का?

तारसप्तक

वाजवाच, पण प्रवास टाळा. नेकची फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोजवुडची असू शकते. ते लाकूड १९९२ पासून साइटिसच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, सरहद्द ओलांडताना परवान्याचे कागद लागतात. हस्तिदंती खुंट्या किंवा कासवाच्या पाठीचं काम असलेल्या जुन्या बँजोंनाही तेच. शिवाय फ्लँज आधीच उचललेली, सामानाच्या डब्यातला धक्का तिला सोसणार नाही. घरी असतानाही पेटी अधूनमधून उघडी ठेवा. जुनं सेल्युलॉइड बंद जागेत आम्ल सोडतं आणि मुलामा खातं.

पर्वतीपायथा

पुण्याचा विषय निघालाच आहे तर. जुन्या बाजारात एक बँजो पाहिलाय. पाठ लाकडाने बंद, नाव कुठेच नाही. तारा पाच, पण हेडस्टॉकवर खुंट्या सहा! विकणारा म्हणतो, एक तार तुटलीय, 'सहा तारी दुर्मीळ पीस' आहे. घ्यावा का?

तारसप्तक

पर्वतीपायथा, नेकवर पाचव्या पडद्यापाशी बारीक भोक आहे का, तार आत शिरेल असं?

पर्वतीपायथा

आहे! मला वाटलं कीड लागलीय.

तारसप्तक

मग तो इंग्लिश झिदर-बँजो. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या आल्फ्रेड कॅमेयर या अमेरिकन वादकाने हा प्रकार लोकप्रिय केला. पाचवी तार त्या भोकातून नेकच्या आतल्या नळीत शिरते आणि थेट हेडस्टॉकवर निघते. खुंट्या गिटारच्या, तीन-तीनच्या पट्टीत येणाऱ्या, म्हणून सहा. सहावी शोभेची, तिला तार कधीच नव्हती. तुटलेलं काही नाही.

बर्मिंगहॅम-लंडनच्या कारखान्यांनी हे ढीगभर बनवले आणि दुकानदारांना बिननावाचे विकले, ते इंग्रजांच्या सामानातून इकडेही आले असणार. दुर्मीळ नाही, म्हणून दुर्मीळचा भाव देऊ नका. नेक सरळ असेल, कडं वाकलेलं नसेल आणि सगळे हुक जागेवर असतील तर माफक पैशात जरूर घ्या. स्टीलच्या जाड तारा चढवू नका, नेक तेवढ्या ताणासाठी नाही. पहिल्या दोन आणि पाचवी स्टीलच्या पण हलक्या, तिसरी नायलॉनची आणि चौथी गुंडाळलेली, अशा लावा. पावसाळ्यात कातडं सैल पडेल, तेव्हा हुक आवळायचा मोह टाळा. हिवाळ्यात तेच कातडं ताणून फाटतं.